आई, खरं खेळ!

मुलांनो, तुमच्या आईला तुम्ही शेवटचं धावताना कधी पाहिलंत? एसटी पकडताना, नाहीतर दूध उतू जाताना धावली असेल, पण ते धरायचं नाही हं! अगदी खेळताना, हसत, धापा टाकत धावताना कधी पाहिलंत? आठवत नाही ना? आमच्या घरीही तीच गत होती. मग एके दिवशी आमच्या अंगणात एक लोखंडी रिंग आली आणि सगळं बदललं. त्याचीच ही हकीकत. तिच्यात थोडं गणित आहे, थोडं लोहारकाम आहे, दोन नवे खेळ आहेत आणि माझी एक मोठी चूकही आहे. वाचून झालं की अंक आई-बाबांच्या हातात द्यायला विसरू नका.

आमचं घर शिरूरला, म्हणजे जुनी माणसं ज्या गावाला अजून घोडनदी म्हणतात तिथं. माझं माहेर दौंडचं. माझी लेक सहावीत आहे. दिवाळीच्या सुट्टीआधी ती शाळेतून आली ती नाचतच. "आई, आम्हाला बास्केटबॉल शिकवायला लागलेत! आपल्या अंगणात रिंग लावू या ना!"

तिचे बाबा रांजणगावच्या एमआयडीसीत कामाला. आठवड्याला पाळी बदलते. ते म्हणाले, "लावू की. पण तू खेळणार कोणाशी? मी कधी दिवसपाळीला, कधी रात्रपाळीला."

लेकीनं माझ्याकडे बोट दाखवलं.

शाळेत असताना मी खो-खो खेळले होते. बास्केटबॉलला मात्र कधी हातसुद्धा लावला नव्हता. पण "नाही" म्हणायला तोंड उघडेपर्यंत बापलेक टेप घेऊन अंगणात पोचले होते.

रिंग किती उंच?

पहिलं भांडण उंचीवरून झालं. खऱ्या मैदानावर रिंग जमिनीपासून ३.०५ मीटर, म्हणजे बरोबर १० फूट उंच असते. आमच्या कन्येचा बॉल तिथपर्यंत पोचेचना. बाबा म्हणाले, "खाली लावू." तर ही फुरंगटली. "नको! मग तो रडीचा डाव होईल."

तुम्हालाही असंच वाटतं? मग हे १० फूट आले कुठून, ते ऐका.

१८९१ सालचा डिसेंबर महिना. अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड गावी जेम्स नेस्मिथ नावाचे एक तरुण शिक्षक होते. बाहेर कडाक्याची थंडी, आणि वर्गातले १८ विद्यार्थी आत बसून कंटाळलेले. त्यांच्यासाठी छपराखाली खेळता येईल असा खेळ नेस्मिथ सरांना शोधायचा होता. त्यांनी शिपायाकडे दोन खोकी मागितली. खोकी नव्हती, पण पीच नावाच्या फळांच्या दोन टोपल्या होत्या. त्या टोपल्या व्यायामशाळेच्या सज्जाच्या कठड्याला ठोकल्या. तो कठडा होता १० फूट उंच. झालं! तेव्हापासून आजपर्यंत जगभर रिंग १० फुटांवरच आहे. सज्जा ९ फुटांवर असता, तर आज रिंगही बहुधा ९ फुटांवर असती!

गंमत म्हणजे त्या टोपल्यांना तळ होता. त्यामुळे बॉल आत पडला की शिडी लावून तो काढावा लागे. पण पहिल्या सामन्यात हा त्रास एकदाच झाला, कारण नऊ-नऊ जणांच्या त्या सामन्यात मिळून एकच गोल झाला!

पुढे लहान मुलांसाठी मिनी बास्केटबॉल सुरू झाला. त्यात रिंग २.६० मीटरवर, म्हणजे सुमारे साडेआठ फुटांवर असते आणि बॉलही लहान असतो. तेव्हा रिंग खाली लावणं हा रडीचा डाव मुळीच नाही. तो आपल्या मापाचा डाव आहे. पायाहून मोठी चप्पल घालून पळता येतं का?

हे पटल्यावर आमची रिंग २.६० मीटरवर ठरली.

अंगणातला कारखाना

रिंगचा आतला व्यास ४५ सेंटिमीटर असतो. आम्ही १६ मिलिमीटर जाडीची सळई घेतली. किती लांब तुकडा लागेल? लेकीनं झटकन ४५ ला ३.१४ नं गुणलं आणि १४१ सेंटिमीटर सांगितलं. वेल्डिंगवाले काका हसले. "ताई, सळईला जाडी असते ना? मधल्या रेषेवर माप धर." मग ४५ मध्ये १.६ मिळवून ४६.६ आले, त्याला ३.१४ नं गुणल्यावर १४६ सेंटिमीटर! शाळेतली वर्तुळाची परिघाची बेरीज-गुणाकारं कुठं उपयोगी पडतात, ते त्या दिवशी तिला कळलं.

बोर्डासाठी पाणी न लागणारं जाड प्लायवूड घेतलं. बोर्ड आणि रिंगची जवळची कड यांत १५ सेंटिमीटर अंतर ठेवलं. बोर्डावर रिंगच्या वर ५९ सेंटिमीटर रुंद आणि ४५ सेंटिमीटर उंच अशी चौकट रंगवली. बाजूनं बॉल टाकताना त्या चौकटीच्या वरच्या कोपऱ्यावर नेम धरायचा, की बॉल उडून रिंगमध्ये येतो. खांब म्हणून जुना जाड लोखंडी पाइप तीन फूट खोल काँक्रीटमध्ये गाडला. अंगणातल्या मातीवर बॉल उडत नाही, नुसता "भद्द" करून बसतो, म्हणून रिंगपुढे सिमेंटचा कोबा करून घेतला.

तुम्ही लावणार असाल, तर तीन गोष्टी मोठ्या माणसांना आधी पाहायला सांगा. वर किंवा जवळ विजेच्या तारा नकोत. विहीर किंवा उघडी टाकी जवळ नको. आणि विजेच्या खांबाला तर रिंग कधीच बांधायची नाही. बॉल तुमच्या वयाचा घ्या. साधारण अकरा वर्षांपर्यंत पाच नंबरचा, त्यापुढे मुलींना सहा नंबरचा आणि मोठ्या मुलांना सात नंबरचा. बाहेर खेळायला रबरी बॉल बरा, लवकर झिजत नाही.

माझी चूक

खेळ सुरू झाला. संध्याकाळी भाकरी टाकायच्या आधी अर्धा तास. आधी ११ गुण करील तो जिंकला, असा नियम. पहिले काही दिवस मी खरंच हरत होते. मग हळूहळू माझा हात बसायला लागला. उंचीही माझीच जास्त. एके दिवशी मी जिंकायला आले आणि समोर लेकीचा चेहरा एवढासा झालेला दिसला. मला राहवलं नाही. मी मुद्दाम चुकले. ती जिंकली, उड्या मारत घरात गेली. दुसऱ्या दिवशीही तेच. महिनाभर तेच. सगळ्या गल्लीत तिनं सांगितलं, "मी आईला रोज हरवते!"

मला वाटायचं, यात काय वाईट आहे? लेक खूश, मी खूश.

मग शाळेच्या संघाची निवड झाली. ती तोऱ्यात गेली आणि खाली मान घालून आली. तिचं नाव यादीत नव्हतं. रडली नाही, जेवलीही नाही. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या म्हणाली, "आई, तू मुद्दाम हरतेस ना?"

मी म्हटलं, "छे गं!"

"मी खिडकीतून पाहिलंय. मी आत गेले, की तू एकटी टाकतेस. तेव्हा चारातले तीन आत जातात. माझ्याशी खेळताना एकही जात नाही." मग थोडं थांबून म्हणाली, "मला वाटलं होतं, मला येतं."

मुलांनो, खरं सांगते, त्या वाक्यानं मला जितकं लागलं, तितकं कशानंच लागलं नव्हतं. मी तिला विजय देत होते असं मला वाटत होतं. खरं तर मी तिच्याकडून एक गोष्ट काढून घेत होते. आपण नेमके कुठं आहोत, हे कळण्याचा तिचा हक्क!

आठ दिवस बॉल कॉटखाली पडून होता. शेवटी माझ्या सासूबाईच म्हणाल्या, "सागरगोट्यांत माझ्या आईनं मला एकदाही सोडलं नाही. म्हणून तर हात बसला. नात काय मातीची आहे का, फुटायला?"

एका बापाची आणि लेकाची गोष्ट

त्या रात्री मी लेकीला स्टीफन करीची गोष्ट सांगितली. लांबून नेम धरण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही. अमेरिकेच्या एनबीए या मोठ्या स्पर्धेत तीन गुणांच्या सर्वाधिक बास्केटचा विक्रम त्यानं २०२१ च्या डिसेंबरमध्ये आपल्या नावावर केला. त्याचे वडील डेल करी हेही तिथं १६ हंगाम खेळले. डेल लहान होते, तेव्हा त्यांच्या वडिलांनी खेड्यातल्या घराजवळ एका खांबावर रिंग ठोकून दिली होती. म्हणजे हा घरोब्याचा खेळ आजोबांपासूनचा!

स्टीफन हायस्कुलात असताना चणीनं लहान होता. तो कमरेजवळूनच बॉल फेकायचा. फेकायचा मात्र अचूक. वडिलांनी पाहिलं, की हे पुढे चालणार नाही. उंच खेळाडू बॉल वाटेतच अडवतील. त्यांनी सांगितलं, बॉल डोक्याच्या वर नेऊन टाकायला शीक. सगळं पहिल्यापासून! त्या उन्हाळ्यात घरामागच्या अंगणात बापलेक रोज सराव करायचे. सवय मोडताना स्टीफनचा नेम पार गेला. कित्येक आठवडे त्याला रिंगपासून लांबून बॉल टाकताच येईना. तो रडकुंडीला यायचा. वडिलांना त्याची दया आली नसेल का? आली असेल. पण "जाऊ दे, जुनंच बरं आहे" असं ते म्हणाले नाहीत. आणि त्याला एकटं सोडून घरातही गेले नाहीत.

गोष्ट ऐकून लेक उठून बसली. "आई, उद्यापासून खरं खेळ."

"मग तू रोज हरशील."

"चालेल. पण खरं खेळ."

आमचा करार

खरं खेळायचं म्हणजे मोठ्यानं लहानाला चिरडायचं असं नाही. त्यासाठी आम्ही जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला करार लिहिला. तो अजून दाराला चिकटवलेला आहे. बघा तुमच्या उपयोगी पडतो का:

१. मुद्दाम कोणी हरायचं नाही.

२. आईनं डाव्या हातानं टाकायचं. (लेकीचे ११ पैकी ६ गुण व्हायला लागले, की हा नियम बदलायचा.)

३. आईनं लांबच्या रेषेवरून, लेकीनं जवळच्या रेषेवरून.

४. धक्का लागला, तर ज्याचा लागला त्यानंच सांगायचं. आई असली तरी!

५. हरलेल्यानं बॉल पुसून ठेवायचा. हात न आपटता.

फरक लक्षात आला? आधी मी गुपचूप सूट देत होते. आता सूट दोघींना माहीत होती, कागदावर लिहिलेली होती. उघड सूट हा नियम असतो. लपवलेली सूट ही फसवणूक असते. आणि चौथा नियम तर मुलांना फारच आवडतो. घरात नेहमी आईचा शब्द शेवटचा. कोब्यावर मात्र नियमाचा शब्द शेवटचा!

बांगडीचं गणित

आता तिचे बॉल का चुकत होते, ते आम्ही नीट पाहू लागलो. ती बॉल सरळसोट, दगड मारावा तसा फेकायची. यात काय चुकतं, ते कळायला आईची एक बांगडी घ्या. वरून पाहा, पूर्ण गोल दिसते. आता ती आडवी धरून हळूहळू डोळ्यांच्या पातळीवर आणा. गोल चपटा होत जातो ना? बॉललाही रिंग अशीच "दिसते". बॉल अगदी वरून आला, तर त्याला पूर्ण ४५ सेंटिमीटरची वाट मिळते. ४५ अंशांच्या कोनातून आला, तर सुमारे ३२ सेंटिमीटरची. आणि ३० अंशांतून आला, तर फक्त साडेबावीस! पाच नंबरचा बॉल स्वतःच २२ सेंटिमीटरच्या आसपास रुंद असतो. मग तो कडेला न आपटता आत जाणार कसा?

म्हणून बॉल उंच, कमानीसारखा टाकायचा. गुडघे वाकवून जोर पायांतून आणायचा आणि शेवटी मनगट असं सोडायचं, जसं उंच फळीवरच्या डब्यात हात घालतोय. पंधरा दिवसांत लेकीचा बॉल रिंगच्या वरून खाली उतरायला लागला. जाळीतून जाताना जो "सर्र" आवाज येतो ना, तो एकदा ऐकलात, की तुम्हाला दुसरा आवाज आवडणार नाही.

घो-ड-न-दी आणि दौंड-पुणे पॅसेंजर

आता कबूल केलेले दोन खेळ. पहिला दोघांचा. अमेरिकेत घोडा या अर्थाच्या इंग्रजी शब्दाची अक्षरं घेऊन तो खेळतात. आम्ही शिरूरकर, आम्हाला घोडा कशाला, आमची अख्खी घोडनदी आहे! पहिल्यानं हव्या त्या जागेवरून, हवा तसा बॉल टाकायचा. एका पायावर, पाठमोरं, बसून, कसाही. तो आत गेला, तर दुसऱ्यानं तस्साच टाकायचा. चुकला की त्याला एक अक्षर, "घो". पुढच्या चुकीला "ड". ज्याची "घो-ड-न-दी" आधी पूर्ण होईल तो बुडाला! यात उंचीचा काही उपयोग नाही, डोकं चालवावं लागतं. म्हणून लहान मुलं मोठ्यांना यात हमखास बुडवतात.

दुसरा खेळ दौंडचा. नाताळच्या सुट्टीत न्हावरे, चौफुला करत आम्ही माहेरी गेलो. माझे वडील रेल्वेतून निवृत्त झालेले. नातीच्या हातात बॉल पाहून त्यांनी तळ गंजून गेलेलं एक घमेलं शोधलं आणि लिंबाच्या फांदीला पक्कं बांधलं. नेस्मिथ सरांच्या टोपलीसारखंच, पण शिडी न लागणारं! लेकीनं खडूनं अर्धवर्तुळात सात खुणा केल्या आणि त्यांना स्टेशनांची नावं दिली. दौंडच्या खुणेवरून बॉल आत गेला, की गाडी पुढच्या स्टेशनात. चुकला तर सिग्नल लाल, दुसऱ्याची पाळी. पुण्याला आधी पोचेल तो जिंकला.

आजोबा कमरेवर हात ठेवून म्हणाले, "हे काय? कडेठाण कुठंय? खुटबाव कुठंय? पॅसेंजर आहे ना? मग सगळीकडे थांबली पाहिजे!" मग अकरा खुणा झाल्या: दौंड, पाटस, कडेठाण, केडगाव, खुटबाव, यवत, उरुळी, लोणी, मांजरी, हडपसर, पुणे. आजोबा प्रत्येक स्टेशनचं नाव मोठ्यानं पुकारायचे. यवतला माझी गाडी अशी अडकली, की काही विचारू नका! शेवटी आजोबांनी स्वतः बॉल घेतला. दोन्ही हातांनी खालून झोका देऊन टाकला आणि थेट घमेल्यात! म्हणाले, "रेल्वेला कमी समजू नका." ते खोटं नाही बरं का. रेल्वेचा महिला संघ देशात नेहमीच तगडा राहिला आहे. पुण्याची शिरीन लिमये रेल्वेकडूनही खेळली आणि भारताच्या महिला संघाची कर्णधारही झाली.

"खरं?"

सुट्टी संपली. शिरूरला पुन्हा संध्याकाळचा अर्धा तास सुरू झाला. करारानंतर लेक ओळीनं १७ डाव हरली. मी मोजले नव्हते, तिनं मोजले होते. दाराच्या कागदावर १७ उभ्या रेघा आहेत. पण ११-२ चे ११-५ झाले, ११-५ चे ११-८ झाले. माझा डावा हात सुटून उजवा आला. लांबची रेषाही गेली. एकेक नियम तिनंच कमावून पुसला.

अठराव्या डावाला दोघी ९-९ वर आलो. मी जीव तोडून खेळत होते, अगदी शप्पथ! तिनं एक टाकला, आत. मग बाजूनं धावत येऊन दुसरा चौकटीच्या कोपऱ्यावर मारला. बॉल रिंगवर एकदा फिरला आणि पडला. ११-९.

मला वाटलं, आता उड्या मारेल. ती तशीच उभी राहिली. मग माझ्याजवळ येऊन हळूच विचारलं, "खरं?"

मी म्हटलं, "खरं."

मग मात्र जी काही आरोळी ठोकली, ती घोडनदीच्या पलीकडे ऐकू गेली असेल! आणि करारातल्या पाचव्या नियमाप्रमाणे बॉल मी पुसून ठेवला.

आई-बाबांनो, दोन शब्द तुमच्यासाठी

२०२४ च्या २२ ऑक्टोबरला एनबीएच्या सामन्यात लेब्रॉन जेम्स आणि त्याचा मुलगा ब्रॉनी एकाच संघातून एकाच वेळी मैदानावर उतरले. त्या स्पर्धेच्या इतिहासातली बाप-लेकाची ती पहिली जोडी. आपली मुलं तिथं पोचावीत म्हणून अंगणात उतरायचं नसतं. माझी लेक संघात येईल की नाही, मला माहीत नाही. पुढच्या वर्षी ती पुन्हा निवडीला जाणार आहे, एवढं खरं. पण आता जाताना तिला आपण कुठं आहोत ते ठाऊक असेल. आणि आई म्हणाली "छान खेळलीस", तर आई खरं बोलतेय, हेही ठाऊक असेल. परीक्षेच्या निकालाच्या दिवशी, आजारपणात, मोठं होताना हा विश्वास लागणार आहे. तो मला एका साडेआठ फुटांवरच्या रिंगखाली परत मिळाला.

रिंग नसेल तर घमेलं चालेल. कोबा नसेल तर ड्रिबल सोडा, नुसता नेम धरा. रोज जमलं नाही, तर पाळी सुटेल त्या दिवशी खेळा.

आणि मुलांनो, तुम्ही आज संध्याकाळी एकच करायचं. आईच्या हातातली पळी काढून घ्यायची, बॉल द्यायचा आणि सांगायचं: "आई, खरं खेळ!"